हृदयावरणाच्या दुर्मिळ कर्करोगाचे निदान : नागपूर परिसरातील रुग्ण व नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘हृदयाभोवती पाणी’ असे आले की विदर्भात पहिला संशय क्षयरोगावर जातो, आणि अनेकदा तो खराही ठरतो. हा लेख त्या थोड्या रुग्णांसाठी आहे ज्यांच्या पाण्याचे मूळ खुद्द हृदयाच्या आवरणात उगवलेल्या कर्करोगात असते. अशा रुग्णांचे निदान लांबते ते बहुधा यंत्रे नाहीत म्हणून नव्हे. पाणी काढले जाते, ते तपासले जाते, त्यात कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत, आणि तेवढ्यावरून कर्करोग नाही असे धरून फाइल बंद होते. आवरणाचा तुकडा काढावा असे कोणी सुचवत नाही आणि नातेवाइकांना तसे विचारायचे असते हे ठाऊक नसते. पुढे दिलेल्या पायऱ्या त्या प्रश्नापर्यंत योग्य क्रमाने कसे पोहोचावे यासाठी आहेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणाऱ्या नाहीत. डॉक्टरांपुढे बसताना काय विचारावे आणि कोणता कागद मागून घ्यावा, एवढेच त्यांतून कळावे.

रोगाची ओळख

हृदयाभोवती दोन पदरांचे आवरण असते. बाहेरचा पदर जाड व ताठ, तर आतला पातळ असतो आणि दोहोंच्या मध्ये निरोगी माणसात साधारण १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. आतल्या पदराच्या अस्तरातील मेसोथेलियल पेशींपासून जो कर्करोग होतो त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. हा रोग मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणात आणि त्याखालोखाल पोटाच्या आवरणात होतो. हृदयावरणात सुरू झालेल्या रुग्णांचे प्रमाण सर्व मेसोथेलिओमांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. याशिवाय ॲन्जिओसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर आणि काही लिम्फोमा (लसिकाग्रंथींच्या पेशींचे कर्करोग) हेही क्वचित इथे सुरू होतात.

मात्र हृदयावरणात कर्करोग सापडला तर तो दुसरीकडून पसरलेला असण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते. फुफ्फुस, स्तन, अन्ननलिका, रक्त व लसिकाग्रंथी, त्वचेचा मेलॅनोमा ही त्याची नेहमीची मूळ ठिकाणे आहेत. म्हणून निदानात तीन प्रश्न एकामागून एक सोडवावे लागतात: पाणी कशामुळे झाले, ते कर्करोगामुळे असेल तर कर्करोग कोणत्या प्रकारचा, आणि तो इथलाच की बाहेरून आलेला. पहिल्याचे उत्तर मिळण्याआधी तिसऱ्याची चिंता करण्यात अर्थ नाही, आणि पहिल्याचे उत्तर अर्धवट असताना उपचार सुरू करून थांबून राहण्यातही नाही.

पहिली पायरी : धोक्याची लक्षणे ओळखणे

चढताना दम लागणे, सपाट झोपता न येणे, पुढे वाकून बसल्यावर कमी होणारे छातीतले दुखणे, कोरडा खोकला, बारीक ताप, वजन घटणे, पायांवर सूज ही लक्षणे हळूहळू येतात आणि यांतले एकही फक्त या रोगाचे नसते. कर्करोगाने आवरण जाड व कडक झाले असेल तर पोटात पाणी होते आणि यकृत मोठे लागते, त्यामुळे काही रुग्ण यकृताचा आजार समजून महिनोन्‌महिने पोटाच्या डॉक्टरांकडे उपचार घेत राहतात. पोटात व पायांत पाणी आहे आणि मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात, अशा रुग्णाचा इको एकदा व्हायलाच हवा.

काही लक्षणांत मात्र थांबता येत नाही. दम एकाएकी वाढला, रक्तदाब खाली गेला, नाडी वेगाने व क्षीण लागू लागली, घाम आला, घेरी आली किंवा मानेच्या शिरा टचटचीत फुगल्या, तर हृदयावर पाण्याचा दाब पडला असण्याची शक्यता असते. याला टॅम्पोनाड म्हणतात. पाणी किती आहे यापेक्षा ते किती वेगाने साचले हे इथे महत्त्वाचे ठरते. हे आवरण नव्या पखालीसारखे असते: सावकाश भरले तर ताणून वाढते, एकाएकी भरले तर आतल्या हृदयालाच दाबते. म्हणून दीड लिटर पाणी घेऊन रुग्ण चालत येतो आणि दुसरा दोनशे मिलिलिटरवर कोसळतो. अशा वेळी रुग्णाला आडवे करू नये, बसते ठेवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे हृदयरोग विभाग व इको दिवसरात्र उपलब्ध आहे अशाच रुग्णालयात न्यावे. सूज आहे म्हणून घरात पडलेली लघवीची गोळी स्वतःहून देऊ नये. टॅम्पोनाडमध्ये ती परिस्थिती बिघडवू शकते.

दुसरी पायरी : पूर्वेतिहास लिहून काढणे

ओपीडीत डॉक्टरांना मिळणारी काही मिनिटे ‘काय होते, कधीपासून’ यातच संपतात, म्हणून हा इतिहास घरी बसून एका कागदावर लिहावा. पूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी किंवा हॉजकिन लिम्फोमासाठी छातीला किरणोपचार झाले होते का, कुटुंबात मेसोथेलिओमा, डोळ्यातील मेलॅनोमा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग कोणाला झाला होता का, घरात क्षयरोगाचा रुग्ण होता का, एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, आणि तरुणपणापासून कोणकोणती कामे केली, हे त्यात असावे.

शेवटच्या प्रश्नाचे कारण ॲस्बेस्टॉस हा खनिज तंतू आहे. फुफ्फुसाच्या आवरणातील मेसोथेलिओमाशी त्याचे नाते पक्के आहे. हृदयावरणाच्या बाबतीत ते तितके ठळक नाही आणि अनेक रुग्णांत असा संपर्क सापडतच नाही. तरीही विचारावे, कारण संपर्क आणि रोग यांत २० ते ५० वर्षांचे अंतर असू शकते आणि निवृत्त माणसाला १९८० च्या दशकातली नोकरी सांगण्याजोगी वाटत नाही. वीजकेंद्रांतील बॉयलर व वाफेच्या नळ्यांचे आवरण, रेल्वेचे जुने कारखाने, ब्रेक लायनिंग, सिमेंटचे पत्रे बनवणारे किंवा कापणारे काम, अशा ठिकाणी हा तंतू वापरात असे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला होता. त्यामुळे जुन्या कारखान्याकडे अशी नोंद मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : ईसीजी, एक्स-रे, इको

यावर फार रेंगाळण्याची गरज नाही. ईसीजीत लहरी बुटक्या दिसू शकतात किंवा एकाआड एक कमी-जास्त उंचीच्या येऊ शकतात. एक्स-रेत हृदयाची छाया मोठी व गोलसर दिसते, पण त्यासाठी साधारण दोन-अडीचशे मिलिलिटर पाणी साचावे लागते, म्हणून स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नये. इको ही खरी पहिली तपासणी. तिच्या अहवालात पाण्याची जाडी मिलिमीटरमध्ये आहे का ते पाहावे: १० पेक्षा कमी म्हणजे थोडे, १० ते २० मध्यम, २० पेक्षा जास्त म्हणजे पुष्कळ. त्यासोबत आवरण जाड आहे का, त्यावर गाठी दिसतात का आणि हृदयावर दाब आहे का, या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर त्या विचाराव्यात. नातेवाइकांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावी: डॉक्टर ‘छातीत पाणी’ म्हणाले ते फुफ्फुसाभोवतीचे की हृदयाभोवतीचे. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असू शकते, आणि दोन्हींच्या तपासण्या व अहवाल वेगळे ठेवावे लागतात.

चौथी पायरी : पाणी काढणे आणि ते नीट तपासणे

इको पाहत पाहत सुई घालून पाणी काढण्याच्या क्रियेला पेरिकार्डिओसेंटेसिस म्हणतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. कधी बंद करायच्या हे त्यांनीच ठरवायचे असते. पाणी रक्तमिश्रित निघाले तर घाबरून जाऊ नये, पण ती नोंद महत्त्वाची आहे, कारण क्षयरोगात आणि कर्करोगातही ते तसे येऊ शकते.

काढलेल्या पाण्याचे काय होते याकडे लक्ष द्यावे. पेशी मोजणी, प्रथिने, एलडीएच, साखर, एडीए (क्षयरोगात बहुधा वाढणारे एक विकर), जंतूंचे कल्चर (जंतू वाढवून पाहणे), क्षयरोगासाठी सीबीनॅट ही जनुकीय तपासणी आणि कर्करोगाच्या पेशींसाठी सायटोलॉजी, एवढ्या तपासण्यांना ते वाटले जाते. सायटोलॉजीसाठी चार-पाच मिलिलिटरची एक कुपी पाठवून भागवू नये; शक्य असेल तर पन्नास मिलिलिटरहून अधिक पाणी द्यावे आणि उरलेल्या गाळाचा ‘सेल ब्लॉक’ (मेणात घट्ट बसवलेला पेशींचा नमुना) करण्याची विनंती करावी. त्या ब्लॉकवर पुढे विशेष रंगतपासण्या करता येतात, काचेवर पसरलेल्या चार थेंबांवर त्या नीट होत नाहीत. लिम्फोमाचा संशय असेल तर थोडे पाणी ताजे, फॉर्मालिन (नमुना टिकवणारे रसायन) न घालता, फ्लो सायटोमेट्रीसाठी पाठवावे लागते. लिम्फोमाचा एक प्रकार तर केवळ पाण्यातच राहतो आणि गाठ बनवत नाही. त्याचे निदान पाण्यावरूनच होते.

मेसोथेलिओमाचे मात्र तसे नाही. त्याच्या पेशी पाण्यात बेताने उतरतात, आणि उतरल्या तरी दाह झालेल्या साध्या मेसोथेलियल पेशींसारख्याच दिसतात. सायटोलॉजीचा अहवाल ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा आला, तर या नमुन्यात त्या दिसल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

क्षयरोगाचा प्रश्न

ही पायरी नव्हे, पण याच वळणावर सर्वाधिक वेळ जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हृदयावरणाच्या क्षयरोगात पाण्यात जंतू सापडणे अवघड असते, सीबीनॅट नकारात्मक आले तरी रोग नाही असे म्हणता येत नाही, आणि त्यामुळे लक्षणे, एडीएची पातळी व इतर पुराव्यांवर डॉक्टर एकेटी, म्हणजे क्षयरोगाची औषधे, सुरू करतात. क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशात हा निर्णय रास्त आहे आणि त्याने अनेकांचे प्राण वाचतात. अडचण पुढे येते. एडीए प्रतिलिटर ४० युनिटहून जास्त आले की ते क्षयरोगाकडे बोट दाखवते, पण लिम्फोमात, जंतुसंसर्गात आणि क्वचित मेसोथेलिओमातही ते वाढलेले असू शकते. त्या एका आकड्यावर कित्येक महिन्यांचा उपचार उभा राहू नये, असे माझे मत आहे.

एकेटीबरोबर काही वेळा स्टिरॉइड दिले जाते. त्याने दाह कमी होतो, पाणी ओसरते, भूक लागते आणि घरच्यांना वाटते की निदान बरोबर होते. मात्र लिम्फोमाही स्टिरॉइडने काही काळ दबतो, आणि नंतर काढलेला तुकडा निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून कर्करोगाचा थोडाही संशय असेल आणि रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी असेल, तर स्टिरॉइडच्या आधी तुकडा घेता येईल का, हे विचारावे. कोणताही उपचार चालू होताना एक तारीख मागून घ्यावी: अमुक आठवड्यांनी पुन्हा इको, आणि तोवर ताप, वजन व पाणी यांत अपेक्षित फरक पडला नाही तर पुढे काय. पाणी पुन्हा पुन्हा साचत असेल, आवरण जाड होत चालले असेल किंवा एकेटी घेऊनही वजन घटतच असेल, तर ‘आता तुकडा काढायचा का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. एकेटी मात्र स्वतःहून बंद करू नये.

पाचवी पायरी : सीटी, एमआरआय, पेट

कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या छातीच्या सीटीत आवरणाची जाडी, गाठी, लसिकाग्रंथी आणि फुफ्फुसातील मूळ गाठ दिसू शकते. पोटाचाही सीटी सोबत करून घेतला तर मूळ ठिकाणाचा शोध एकाच फेरीत होतो. त्याआधी क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाच्या कामाची) रक्ततपासणी लागते. रोग हृदयाच्या स्नायूत शिरला आहे का हे हृदयाचा एमआरआय सर्वांत चांगले सांगतो, मात्र त्यासाठी रुग्णाला बराच वेळ सपाट झोपून श्वास रोखता आला पाहिजे. दम लागणाऱ्या रुग्णाचे आधी पाणी काढून मग एमआरआयची वेळ घ्यावी. पेसमेकर असेल तर आधी सांगावे. पेट-सीटी शरीरात इतरत्र काही चमकते का ते दाखवते आणि तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला मदत करते. पण क्षयरोगाच्या गाठीही पेटमध्ये चमकतात, म्हणून पेटचे चित्र पाहून कर्करोगाचा शिक्का मारणे आणि चित्र फिके आहे म्हणून निश्चिंत होणे, दोन्ही चूक आहे. स्त्रियांमध्ये स्तनांची तपासणी व मॅमोग्राफी राहून जाते. ती करून घ्यावी.

सहावी पायरी : तुकडा

आवरणाचा तुकडा हृदय व छातीचे शल्यचिकित्सक काढतात. छातीच्या हाडाखाली लहान छेद देऊन आवरणाला खिडकी पाडली जाते, किंवा बरगड्यांमधून दुर्बीण घालून तुकडा घेतला जातो. खिडकीचा आणखी एक फायदा असा की पाणी पुन्हा साचून हृदयावर दाब येण्याचा धोका कमी होतो. सीटीत गाठ वेगळी दिसत असेल तर काही वेळा सुईनेही तुकडा घेता येतो. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग आणि हृदयशस्त्रक्रिया असे दोन्ही विभाग आहेत. रामदासपेठ व धंतोली भागांतील काही खासगी रुग्णालयांतही ही सोय आहे. मिहानमधील एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मानेवाड्याचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय येथे कर्करोगतज्ज्ञांचे मत घेता येते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर किंवा छिंदवाड्याहून येणाऱ्यांनी शस्त्रक्रिया व पॅथॉलॉजी दोन्ही जिथे एकाच छताखाली आहे ते ठिकाण निवडावे, म्हणजे नमुना हिंडत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शल्यचिकित्सकांना एकच गोष्ट नम्रपणे आठवून द्यावी: तुकड्याचे दोन भाग करावेत. एक फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा सलाइनमध्ये क्षयरोगाच्या कल्चर व सीबीनॅटसाठी. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर कायमचे हुकते. मग क्षयरोग की कर्करोग हा वाद पुन्हा अंदाजावर येतो. तुकडा पुरेसा मोठा व खोलवर घेतलेला असणेही महत्त्वाचे आहे, कारण पेशी भोवतालच्या चरबीत शिरल्या आहेत का यावरच साधा दाह आणि मेसोथेलिओमा यांतला फरक पुष्कळदा ठरतो.

सातवी पायरी : पॅथॉलॉजीचा अहवाल वाचणे

पहिल्या अहवालात पेशींचे वर्णन असते. निदान पक्के होते ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या विशेष रंगतपासणीने, जिला बोलीत ‘आयएचसी’ म्हणतात. मेसोथेलिओमात कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६, डी२-४० या खुणा दिसतात, तर फुफ्फुस वा इतर अवयवांच्या कर्करोगात टीटीएफ-१, सीईए, क्लॉडिन-४, बेर-ईपी४ यांसारख्या दिसतात. एकाच खुणेवर निर्णय घेत नाहीत. मेसोथेलिओमाच्या बाजूच्या किमान दोन आणि विरुद्ध बाजूच्या किमान दोन खुणा तपासण्याचा संकेत आहे. साध्या दाहापासून वेगळे करण्यासाठी बीएपी-१ व एमटॅप ही प्रथिने पेशींतून नाहीशी झाली आहेत का ते पाहतात. ती नाहीशी झाली असतील तर कर्करोगाची बाजू भक्कम होते, शाबूत असतील तर मात्र कर्करोग नाही असे ठरत नाही. ॲन्जिओसार्कोमासाठी सीडी-३१ व ईआरजी, सॉलिटरी फायब्रस ट्यूमरसाठी स्टॅट-६, सायनोव्हियल सार्कोमासाठी एसएस-१८ या जनुकातील बदल अशा वेगळ्या खुणा आहेत.

अहवालात एपिथेलिऑइड, सार्कोमेटॉइड की मिश्र, हा उपप्रकार लिहिलेला असावा, कारण सार्कोमेटॉइडची वाटचाल अधिक वाईट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेसोथेलिओमाच्या नावाआधी ‘मॅलिग्नंट’ हा शब्द लावणे थांबले आहे. तो शब्द अहवालात नाही म्हणून गाठ साधी असे समजू नये.

इतक्या दुर्मिळ रोगात पॅथॉलॉजीचे दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. बहुतेक पॅथॉलॉजिस्ट स्वतःच ते सुचवतात. त्यासाठी प्रयोगशाळेतून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लेखी अर्ज देऊन मागावा, पावती ठेवावी, आणि अहवाल, सीटीची सीडी व शस्त्रक्रियेची नोंद सोबत जोडून ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी न्यावेत. रुग्णाला प्रत्येक वेळी मुंबईला नेण्याची गरज नसते; ब्लॉक नेला तरी पुष्कळ काम होते. एप्रिल-मेमध्ये हा ब्लॉक उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवू नये, कारण त्याचे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते आणि नागपूरच्या दुपारी बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो.

खर्च आणि पुढची बैठक

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते, सुट्या तपासण्यांवर नव्हे. म्हणून पाणी काढणे किंवा खिडकीची शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते आणि आयएचसी व पेटचा खर्च त्यात येतो का, हे दाखल होण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका व आधार सोबत असावे. क्षयरोगाची सीबीनॅट तपासणी व औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, तिथे खासगी खर्च करू नये.

निदान पक्के झाल्यावर रुग्णाची फाइल ट्यूमर बोर्डापुढे जावी असा आग्रह धरावा. या बैठकीत हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात, आणि हृदयावरणाच्या मेसोथेलिओमासाठी टप्पे ठरवण्याची स्वतंत्र सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे हे एकत्र बसणे आणखी आवश्यक होते. गाठ पूर्ण काढता येईल का, केमोथेरपी वा इम्युनोथेरपी आधी द्यावी का, हृदय ती सोसेल का, हे तिथे ठरते. हा रोग वेगाने वाढतो आणि पुष्कळ रुग्णांना हाती महिनेच मिळतात, म्हणून वेदना व दम कमी करणाऱ्या परिहारक उपचारांच्या डॉक्टरांची भेटही त्याच आठवड्यात मागून घ्यावी. बैठकीची तारीख आणि पहिला उपचार यांच्या मधल्या दिवसांत पाणी पुन्हा साचू शकते. पुढचा इको कोणत्या दिवशी आणि रात्री-अपरात्री दम वाढला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, ही दोन उत्तरे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये.